अध्यक्ष मावळंकर : एका वकिलाचा कागदोपत्री माग

२४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अध्यक्षाची निवडणूक झाली. दोन उमेदवार होते आणि दोघेही मुंबई इलाख्यातले. एक सर कावसजी जहांगीर. त्यांच्यामागे सरकारी बाक आणि मुस्लिम लीग. दुसरे काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादचे वकील. मतमोजणी झाली तेव्हा मावळंकरांना ६६ आणि सर कावसजींना ६३ मते होती.

या तीन मतांचे मोल कळायला त्या सभागृहाची घडण ध्यानात घ्यावी लागते. काही महिन्यांपूर्वी झालेल्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली होती, पण बहुमत तिच्याजवळ नव्हते. मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या होत्या आणि उरलेल्या बाकांवर मुख्यतः सरकारनियुक्त सभासद बसत होते. लीग आणि सरकार एकत्र आले, तरीही खुर्ची काँग्रेसच्या माणसाकडे गेली. याच खुर्चीची आणखी एक निवडणूक अशीच निसटत्या फरकाने लागली होती. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ अशा दोन मतांनी पहिले लोकनियुक्त अध्यक्ष झाले. विठ्ठलभाईही वकील आणि गुजरातशी बांधलेले. परक्या सरकारच्या कायदेमंडळात लोकांच्या बाजूची जी एक जागा हाती येऊ शकत होती, ती दोनदा दोन-तीन मतांवर आली आणि दोन्ही वेळा तिच्यावर वकील बसला.

मावळंकरांना आज ‘लोकसभेचे जनक’ म्हणतात. पंडित नेहरूंच्या नावाने चालत आलेले हे बिरुद त्यांच्या प्रत्येक छोट्या चरित्रात सापडते. बिरुदामुळे माणूस तसबिरीत जाऊन बसतो आणि त्याने नेमके काय केले हे विचारायचे राहून जाते. मावळंकरांच्या बाबतीत ते विचारता येते, कारण कागद भरपूर शिल्लक आहेत. कायदेमंडळांची छापील कार्यवृत्ते आहेत, खुर्चीवरून दिलेले निर्णय आहेत, मंत्र्यांशी झालेला पत्रव्यवहार आहे आणि त्यांची स्वतःची पुस्तके आहेत. हे कागद एकत्र वाचताना मला जो माणूस दिसतो तो आधी वकील आहे, आणि राजकारणातही अखेरपर्यंत वकीलच राहिला. आजचा निर्णय उद्या कोणीतरी पायंडा म्हणून पुढे करील, हे वकिलाला पक्के ठाऊक असते. मावळंकर दिल्लीत दहा वर्षे याच जाणिवेने वागले. त्यातून जे भले झाले ते झालेच. विरोधी पक्षाला जे खुपले तेही त्यातूनच आले.

*

जन्म २७ नोव्हेंबर १८८८, बडोद्याला. घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे. आडनाव तिथूनच आले. सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरला झाले आणि १९०२ साली ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला गेले. अहमदाबादेत मराठी माणूस नवा नव्हता. पेशवे आणि गायकवाड यांनी या शहरावर मिळून राज्य केले होते आणि भद्र किल्ल्याच्या परिसरात त्यांच्याबरोबर आलेली मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. मावळंकर मात्र शहरात राहिले एवढेच नव्हे, ते त्या शहराचे झाले. त्यांनी ग्रंथलेखन केले ते गुजराती आणि इंग्रजीत. कोकणातल्या घराण्यातल्या या माणसाला अहमदाबादने नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत निवडून दिले. प्रांतिक अस्मितांचे रण माजण्याआधीचा तो काळ होता, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. त्यात त्या शहराचाही मोठेपणा आहे.

गुजरात कॉलेजातून १९०८ साली विज्ञान घेऊन पदवी, त्याच कॉलेजात वर्षभर दक्षिणा फेलो, मग मुंबईचे सरकारी लॉ स्कूल. १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात पार पडली आणि १९१३ पासून अहमदाबादच्या कोर्टात वकिली सुरू झाली. त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद चिटणीस झाले. वकिली आणि सार्वजनिक काम यांचा आरंभ असा एकाच वर्षातला आहे.

त्या काळच्या अहमदाबादचे वकील संध्याकाळी गुजरात क्लबात जमत. गांधीजी आफ्रिकेतून येऊन शहराजवळ आश्रम काढून राहिले होते. एकदा ते क्लबात आले. वल्लभभाई पटेल पत्ते खेळत बसले होते. मावळंकर गांधीजींचे बोलणे ऐकायला उठले. तेव्हा वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. गव्हातले खडे निवडता येतात का, असे तो गृहस्थ तुला विचारील आणि म्हणे त्याने स्वराज्य मिळणार, अशा अर्थाचे ते बोलणे होते. हा प्रसंग मावळंकरांच्याच आठवणींमुळे आपल्यापर्यंत पोचला आहे. पुढे वल्लभभाई गांधीजींबरोबर कुठवर गेले ते सर्वांना माहीत आहे. पण त्या संध्याकाळी पत्त्यांच्या टेबलापासून आधी उठले ते मावळंकर, याची नोंद असायला हवी.

१९१६ साली ते गुजरात सभा या राजकीय संस्थेचे चिटणीस झाले. दीड-दोन वर्षांतच या सभेला मोठ्या कसोटीला उतरावे लागले. १९१७ च्या पावसाने खेडा जिल्ह्यातले पीक बुडाले होते. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. भांडण होते ते आणेवारीचे. अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, खाली आहे. उत्तर विभागाचे कमिशनर प्रॅट आणि सभा यांच्यातला वाद वकिली पद्धतीचा होता: नियम तुमचा, आकडे तपासू या, निवाडा होईपर्यंत वसुली थांबवा. अर्ज-विनंत्यांनी काम झाले नाही आणि २२ मार्च १९१८ रोजी नडियादला सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. खेडा सत्याग्रहाच्या इतिहासात आपण नडियादपासून सुरुवात करतो. त्याआधीच्या महिन्यांत जो कागदी लढा झाला, तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. सरकारला त्याच्याच नियमात पकडायचे, ही रीत मावळंकर तिथे जवळून पाहत होते. १९५० नंतर दिल्लीत त्यांनी ती स्वराज्याच्या सरकारवर वापरली.

१९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेवर प्रथम निवडून आले आणि मधले खंड वगळता १९३७ पर्यंत तिथे राहिले. काही वर्षे तिचे अध्यक्षही होते. असहकाराच्या काळात गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद सांभाळले. मध्ये काही काळ स्वराज्य पक्षाची वाट धरली, मिठाच्या सत्याग्रहात परत आले. तीन आंदोलनांत मिळून त्यांना सुमारे सहा वर्षे तुरुंगवास झाला. १९४२ नंतरच्या तुरुंगात त्यांना जे शिक्षा भोगणारे कैदी भेटले, त्यांच्या खऱ्या हकिकती त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात लिहिल्या. त्या पुस्तकाची इतर भाषांतही भाषांतरे झाली. राजबंदी म्हणून तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्यांनी पुष्कळ लिहिले. चोरी-खुनाच्या आरोपाखाली आलेल्या शेजाऱ्यांकडे इतक्या आस्थेने पाहणारे त्यांत थोडे. इथेही वकील दिसतो: समोर आलेल्या माणसाची बाजू आधी पुरती ऐकून घेणारा.

*

१९३७ साली मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेने त्यांना अध्यक्ष निवडले आणि चोवीस वर्षांची वकिली त्यांनी थांबवली. पुढे ‘माय लाइफ ॲट द बार’ हे पुस्तक लिहिताना त्यांनी तेवढाच काळ घेतला, १९१३ ते १९३७.

१७५ सभासदांची ती विधानसभा साधी नव्हती. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही मुंबईचे सॉलिसिटर. समोर विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता, दोघेही बॅरिस्टर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले ते याच सभेत. ज्या रत्नागिरी जिल्ह्याच्या खोतीवर ते विधेयक नेम धरून होते, तोच अध्यक्षांचा पिढीजात जिल्हा. पुढच्या वर्षी औद्योगिक तंट्यांच्या विधेयकावर याच सभागृहात काँग्रेस सरकार आणि कामगारांचे प्रतिनिधी यांची जुंपली. बहुमत आपल्या पक्षाचे आणि समोर देशातले सर्वांत तयारीचे कायदेपंडित, अशी शाळा दुसऱ्या कोणत्या अध्यक्षाला मिळाली असेल असे मला वाटत नाही.

अध्यक्षाने पक्षाशी कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. संयुक्त प्रांतात पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष होते. मी काँग्रेसचे राजकारण सोडणार नाही, असे त्यांनी उघड सांगितले. इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट: कॉमन्सचा स्पीकर पक्षाचे नावच टाकतो. मावळंकरांनी मधली वाट घेतली. काँग्रेसचे सभासदत्व सोडायचे नाही, पण सभागृहात येऊ शकणाऱ्या वादात आणि पक्षाच्या प्रचारात उतरायचे नाही. इंग्रजी रिवाज आपल्याकडे आणायचा तर अध्यक्षाला निवडणुकीत बिनविरोध निवडून देण्याची तयारी सर्व पक्षांनी दाखवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ती तयारी कोणी दाखवली नाही. आजतागायत दाखवलेली नाही.

*

१९४६ च्या दिल्लीकडे पुन्हा वळू. अध्यक्ष होऊन महिनाही झाला नव्हता तोच मुंबईच्या बंदरात नौसैनिकांचे बंड झाले. काँग्रेसचे असफ अली यांनी त्यावर तहकुबीची सूचना आणली. तिच्यावर चर्चा झाली. तहकुबीची सूचना म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या एखाद्या विषयावर सरकारला धारेवर धरणे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. वर्षभराने, २८ फेब्रुवारी १९४७ रोजी, लियाकत अली खान यांनी आपला गाजलेला अर्थसंकल्प मांडला तोही मावळंकरांच्याच पुढे. एकाच हंगामी सरकारात बसलेले काँग्रेस आणि लीग तेव्हा एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

१४ ऑगस्टच्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपले आणि त्याबरोबर मावळंकरांचे पदही. आता घटना समितीच कायदेमंडळही होती, आणि इथे एक गाठ पडली. एकाच सभागृहातले तेच सभासद सकाळी राज्यघटना लिहिणार आणि दुपारी अर्थसंकल्प मंजूर करणार, तर अध्यक्ष कोण? घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद हे अन्नमंत्रीही होते. मंत्र्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच मंत्र्याने अध्यक्ष म्हणून ते प्रश्न मान्य करायचे, हे जमणारे नव्हते. या पेचासाठी ऑगस्टमध्ये एक समिती नेमली; तिचे अध्यक्ष मावळंकर. २५ ऑगस्ट १९४७ रोजी तिचा अहवाल तयार होता. दोन कामे वेगळी काढा, कायदे करणाऱ्या सभेला वेगळा अध्यक्ष द्या, असा त्याचा गाभा. फाळणीच्या रक्तपातात दिल्ली होरपळत असताना हा अहवाल लिहिला गेला. असल्या दिवसांत कामकाजाच्या रीतीला कोण विचारतो, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते चुकीचे वाटले नसते. तरी तो लिहिला गेला, सभेने मानला, आणि १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या नव्या पदावर मावळंकरांचीच निवड झाली.

*

आता १९४६ मधल्या त्या तहकुबीच्या सूचनेकडे येतो. २१ मार्च १९५० रोजी हंगामी संसदेत मावळंकरांनी तहकुबीच्या सूचनांविषयी एक निर्णय दिला. त्याचा युक्तिवाद असा. परक्या राजवटीत सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते. लोकप्रतिनिधींना नाराजी दाखवायला दुसरे साधन नव्हते, म्हणून तहकुबीच्या सूचना सढळ हाताने मान्य होत. आता मंत्रिमंडळ सभागृहाच्या विश्वासावर उभे आहे, चर्चेचे इतर मार्ग मोकळे आहेत. म्हणून हे हत्यार अपवाद म्हणूनच बाहेर काढावे.

तर्कात खोट नाही. पण विरोधी बाकांवरून पाहा. ज्या साधनाने काँग्रेसने इंग्रज सरकारला जेरीस आणले, ते साधन काँग्रेस सत्तेवर येताच म्यान करायला सांगितले जात होते. संसदेत विरोधक तेव्हा मूठभर, त्यांना मतदानात काही साधणार नव्हते, आवाज उठवणे एवढेच हाती होते. या निर्णयाने त्यांचा आवाज लहान झाला, असे माझे मत आहे. पुढे १९५४ मध्ये मावळंकरांवर जो आरोप झाला त्याचे मूळ इथेच आहे.

दुसऱ्या पारड्यात काय टाकले तेही मांडले पाहिजे. ‘इतर मार्ग मोकळे आहेत’ हे वाक्य त्यांनी बोलून सोडून दिले नाही. ते मार्ग पुढच्या चार वर्षांत बांधून काढले. प्रश्नोत्तराचा तास कामकाजाचा रोजचा पहिला तास म्हणून स्थिरावला. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा. मार्च १९५३ पासून अल्पकालीन चर्चेची प्रथा, १९५४ मध्ये लक्षवेधी सूचना. आज विधिमंडळाची बातमी वाचणाऱ्या कोणाही मराठी वाचकाला ‘लक्षवेधी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

समित्यांची गोष्ट याहून मोठी. १९५० पूर्वी लोकलेखा समितीचा अध्यक्ष स्वतः अर्थमंत्री असे. म्हणजे ज्याचा हिशेब त्यानेच तपासायचा. ती समिती अर्थखात्याच्या हातून सुटून संसदेच्या अध्यक्षाच्या देखरेखीखाली आली. १० एप्रिल १९५० रोजी अंदाज समिती स्थापन झाली. १ डिसेंबर १९५३ रोजी सरकारी आश्वासनांची समिती. या शेवटच्या समितीवर मला थोडे थांबावेसे वाटते. मंत्री सभागृहात उठून सांगतो, ‘याचा विचार करू’, ‘माहिती मागवली आहे, सभागृहापुढे ठेवू’. सभासद खाली बसतो. पुढे ते कोणी विचारत नाही. अशी सगळी वाक्ये कार्यवृत्तातून वेचून काढायची, त्यांची यादी ठेवायची, कोणते पाळले, कोणते राहिले, राहिले तर का राहिले हे खात्याला विचारायचे, असे या समितीचे काम. ही कल्पना कोर्टात मुरलेल्या माणसालाच सुचावी. प्रतिपक्षाने न्यायाधीशापुढे कबुली दिली की ती टिपून ठेवायची आणि पुढच्या तारखेला काढून दाखवायची, हे वकिलाच्या हाडात असते.

या संस्थांचा कस १९७५ मध्ये लागला. आणीबाणीला मंजुरी देण्यासाठी जुलैत संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवण्यात आला. त्याला आणि आणीबाणीलाही उभे राहून विरोध करणाऱ्या मोजक्या खासदारांत अहमदाबादचे अपक्ष सभासद पुरुषोत्तम गणेश मावळंकर होते, अध्यक्ष मावळंकरांचे चिरंजीव.

*

मावळंकरांच्या साऱ्या कागदांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती वटहुकमांविषयीची पत्रे. राज्यघटनेच्या १२३ व्या कलमाने संसद भरलेली नसताना राष्ट्रपतीला वटहुकूम काढता येतो; संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो किंवा त्याचा कायदा करावा लागतो. इंग्रज व्हाइसरॉयच्या वटहुकमांखाली तुरुंगात गेलेल्या लोकांनीच हे कलम घटनेत ठेवले होते आणि सत्तेवर येताच ते सढळपणे वापरूही लागले होते.

२५ नोव्हेंबर १९५० रोजी मावळंकरांनी संसदीय कामकाज मंत्र्यांना पत्र लिहिले. त्याची मांडणी एखाद्या दाव्याच्या अर्जासारखी आहे. आधी तत्त्व: वटहुकमाची पद्धत मुळातच लोकशाहीला धरून नाही. मग परिणाम, एकेक सुटा करून. एखादा वटहुकूम समर्थनीय असो वा नसो, पुष्कळ वटहुकूम निघाले की लोकांच्या मनावर त्याचा वाईट परिणाम होतो. राज्य वटहुकमांवर चालले आहे असे त्यांना वाटते. सभागृहाला आपण डावलले गेलो असे वाटते. सचिवालयाला ढिलाईची सवय लागते आणि त्या ढिलाईतून आणखी वटहुकमांची गरज निर्माण होते. आणि आधीच केलेल्या कायद्यावर शिक्का मारण्यापलीकडे सभागृहाला काही उरत नाही.

यांतला सचिवालयाबद्दलचा मुद्दा पुन्हा वाचावा. सरकारच्या हेतूवर त्यांनी बोट ठेवले नाही. हेतूवर ठेवले असते तर वाद पेटला असता. कामाच्या सवयीवर ठेवले. अधिवेशन चालू असताना मसुदा वेळेत तयार केला नाही तरी चालते, वटहुकूम आहेच, असे कारकुनापासून सचिवापर्यंत सगळ्यांना कळले की संसदेची तारीख कोणाच्या टाचणात राहत नाही. राज्यकारभार आतून पाहिलेल्या माणसाचे हे निदान आहे.

नेहरूंचे उत्तर १३ डिसेंबरचे. वटहुकूम सहसा इष्ट नाहीत, खास आणि निकडीच्या प्रसंगीच काढावेत, हे माझे सर्व सहकारी मान्य करतील, असे त्यांनी लिहिले. प्रसंग निकडीचा आहे की नाही, हा मात्र ज्याच्या त्याच्या अंदाजाचा भाग; शिवाय संसदेचे काम संथ चालते. उत्तर सभ्य होते. पण नेमका निर्णय कोणाच्या हाती, या प्रश्नावर पंतप्रधानांनी आपली जागा सोडली नव्हती.

चार वर्षे गेली. १७ जुलै १९५४ रोजी मावळंकरांनी थेट नेहरूंना लिहिले. यावेळी भाषा अधिक थेट आहे. आपण पहिली लोकसभा आहोत, पायंडे पाडण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. आज सरकारात कोण बसले आहे हा प्रश्नच नाही, प्रश्न पायंड्याचा आहे. वटहुकूम अगदी निकडीच्या प्रसंगापुरते मर्यादित ठेवण्याचा रिवाज आत्ताच घातला नाही, तर पुढची सरकारे वटहुकूम काढत राहतील आणि लोकसभेला रबरी शिक्क्याचे काम उरेल.

हे लिहिणारा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा होता आणि ज्यांना लिहिले ते त्या पक्षाचे सर्वश्रेष्ठ नेते होते. आज सरकारात कोण बसले आहे हा प्रश्न नाही, हे नेहरूंना सांगणे म्हणजे तुमच्या चांगुलपणावर मी व्यवस्था उभारणार नाही, असे सांगणे. १९५४ साली, नेहरूंच्या लोकप्रियतेच्या भर उन्हात, हे लेखी सांगायला धैर्य लागत होते.

पत्रातली भीती कुठवर खरी ठरली हे पुण्यात बसलेल्या एका अभ्यासकाने मोजून दाखवले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारचे सरकारी राजपत्र चाळले. १९६७ ते १९८१ या काळात त्या राज्याने २५६ वटहुकूम काढले होते. मुदत संपली की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा, अशा रीतीने त्यांतला एक जवळजवळ चौदा वर्षे जिवंत ठेवला होता. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने ही रीत घटनेशी केलेली लबाडी ठरवली आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्च देवविला. लोकसभेच्या नियमावलीत आज ७१ वा नियम आहे: वटहुकमाच्या जागी विधेयक आणताना, तातडीने कायदा करावा लागला याची कारणे सांगणारे निवेदन सरकारने सभागृहापुढे ठेवलेच पाहिजे. ती निवेदने रीतसर ठेवली जातात. वटहुकूम निघायचे थांबलेले नाहीत.

*

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडला. विरोधकांचे उमेदवार होते शंकर शांताराम मोरे, सोलापूरचे खासदार, शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. मावळंकरांना ३९४ मते, मोऱ्यांना ५५. सहा वर्षांपूर्वी तीन मतांनी मिळालेली खुर्ची आता तीनशेहून अधिक मतांनी मिळाली. पण अध्यक्षाच्या दृष्टीने हे काम सोपे झाले असे मानू नये. काठावरच्या सभागृहात अध्यक्षाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतातच. प्रचंड बहुमतात त्याने अल्पसंख्य बाजूकडे लक्ष दिले नाही तरी त्याला कोणी हलवू शकत नाही.

विरोधकांनी हलवून पाहिले. १८ डिसेंबर १९५४ रोजी समाजवादी सभासद विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्षाला पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. तहकुबीच्या सूचनांना संमती देणे-नाकारणे, प्रश्न नामंजूर करणे यांतून अध्यक्षांनी निःपक्षपातीपणा सोडला आहे, असा त्याचा आशय. स्वतंत्र भारताच्या संसदेतला असा हा पहिला ठराव. घटनेप्रमाणे अशा वेळी अध्यक्षाला खुर्चीवर बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले.

नेहरू संतापून बोलले. मात्र बोलताना त्यांनी आपल्या पक्षाच्या सभासदांना सांगितले, की हा पक्षाचा प्रश्न नाही, तुमच्यावर पक्षादेश नाही, योग्य वाटेल तसे मत द्या. ठराव आणण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे हे त्यांनी नाकारले नाही. हक्क असला तरी तो असा वापरावा का, हा त्यांचा प्रश्न होता. निर्णय चुकला असे म्हणणे वेगळे आणि निर्णय देणाऱ्याच्या नियतीवर संशय घेणे वेगळे, हा त्यांचा भेदही रास्त होता. ठराव फेटाळला गेला.

मला त्या चर्चेत दोन्ही बाजूंचे काही पटते. मावळंकरांनी लबाडी केली असे दाखवणारा एकही कागद मी पाहिलेला नाही, आणि ज्या वर्षी हा ठराव आला त्याच वर्षी जुलैत त्यांनी नेहरूंना ते पत्र लिहिले होते. सरकारची तळी उचलणारा माणूस असे पत्र लिहीत नाही. पण ते पत्र खाजगी होते. विरोधी बाकांवरच्या माणसाला दिसत होते ते एवढेच, की त्याची तहकुबीची सूचना पुन्हा एकदा नामंजूर झाली. सरकारला पत्रातून खडसावायचे आणि सभागृहात विरोधकाला नियमातून थोपवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच पायंड्याच्या निष्ठेतून येत होत्या. बाहेर दिसे ती मात्र दुसरीच. आपली बाजू चारचौघांत मांडून दाखवावी, असे त्यांना वाटलेले दिसत नाही. वकील कोर्टाबाहेर युक्तिवाद करत नाही, हा संस्कार इथे त्यांच्या आड आला असे मी म्हणेन.

वल्लभभाईंच्या निधनानंतर कस्तुरबा स्मारक निधीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली होती. संसदेचे अधिवेशन संपले की या कामाचा प्रवास सुरू होई. ‘माय लाइफ ॲट द बार’ १९५५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला त्यांचे निधन झाले. वय ६७, लोकसभेची मुदत अजून संपायची होती. मार्चमध्ये सभागृहाने अय्यंगारांना अध्यक्ष निवडले. अहमदाबादच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली तेव्हा मावळंकरांच्या पत्नी सुशीलाबाई उभ्या राहिल्या, आणि त्या बिनविरोध निवडून आल्या.